नव्यासारखी गाडी, पण भाव कुणाच्या हिशेबाने?

‘घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून’ असे आपल्याकडे पूर्वापार म्हणतात. त्या यादीत आता आणखी एक भर घालायला हरकत नाही : वर्षभर वापरलेली गाडी पाहावी घेऊन! पंधरा वर्षे वापरलेली जुनाट गाडी घेणे त्या मानाने सोपे. ती जुनी आहे हे विकणाऱ्यालाही मान्य असते आणि घेणाऱ्यालाही. पण वर्ष-सव्वा वर्ष वापरलेल्या, सीटवरचे प्लास्टिकही पुरते न निघालेल्या गाडीचा भाव ठरवताना मात्र भल्याभल्यांची पंचाईत होते. विकणारा म्हणतो, ‘अहो, नवीच आहे की!’ घेणारा म्हणतो, ‘पण वापरलेली आहे ना?’ दोघांचेही खरे असते. म्हणूनच घासाघीस लांबत जाते.

आपल्या सीमाभागात या प्रश्नाला आणखी दोन पदर आहेत. एक म्हणजे आपली सोयरिक. बेळगावची लेक गडहिंग्लजला दिलेली, चंदगडची सून खानापुरात आलेली, जावई धारवाडचे, मामा निपाणीचे आणि चुलते फोंड्याला. गाड्यांचे व्यवहार पुष्कळदा या नात्यांतूनच होतात. दुसरा पदर नंबरप्लेटचा. कागलकडे जाताना कोगनोळीचा नाका ओलांडला की राज्य बदलते, आणि राज्य बदलले की त्याच गाडीच्या किमतीचे गणितही बदलते. मुंबई-पुण्याची मासिके वाचून किंवा बंगळूरच्या जाहिराती पाहून हे गणित सुटत नाही. ते आपले आपणच मांडावे लागते.

बिल हा इतिहास झाला

विकणाऱ्याच्या हातात पहिला कागद असतो तो शोरूमच्या बिलाचा. ‘मला ऑनरोड अकरा लाखांना पडली. दीड लाख सोडून देतो, साडेनऊला घ्या.’ ऐकायला हे अगदी रास्त वाटते. पण यात पायाच चुकलेला आहे. गाडीचा आजचा भाव, ती त्याला तेव्हा कितीला पडली यावर ठरत नाही. तशीच नवी गाडी आज आपल्याला आपल्या गावात कितीला मिळते, यावर तो ठरतो.

एरवी या दोन आकड्यांत फार फरक नसतो. उलट नव्या गाड्यांच्या किमती दरवर्षी वाढत असल्याने फरक विकणाऱ्याच्या बाजूने असतो. पण २२ सप्टेंबर २०२५ या तारखेने हे चित्र पालटले. त्या दिवसापासून लहान गाड्यांवरचा वस्तू व सेवा कर कमी झाला. चार मीटरच्या आतली लांबी आणि पेट्रोल असेल तर १२०० सीसीपर्यंत, डिझेल असेल तर १५०० सीसीपर्यंत इंजिन, अशा गाड्यांवर पूर्वी २८ टक्के कर आणि वर उपकर होता. तो जाऊन सरसकट १८ टक्के झाला. मोठ्या गाड्यांवरचे कर आणि उपकर मिळून ४५ ते ५० टक्क्यांपर्यंत जात. तिथे ४० टक्के झाला.

आता हिशेब मांडून पाहू. हे आकडे उदाहरणापुरते गोल धरले आहेत. समजा, एका लहान पेट्रोल गाडीची आज बेळगावातली एक्स-शोरूम किंमत ८ लाख रुपये आहे. कंपनीची मूळ किंमत तीच धरली, तर करकपातीपूर्वी, म्हणजे जून २०२५ मध्ये, हीच गाडी पावणेनऊ लाखांच्या घरात होती. एका पहिल्या मालकाने ती तेव्हा घेतली. त्याचा रोड टॅक्स सुमारे १ लाख ३६ हजार, विमा ४२ हजार, नोंदणी, फास्टॅग वगैरे १० हजार आणि सीटकव्हर, म्युझिक सिस्टिम मिळून ३० हजार. बेरीज जवळपास ११ लाख. म्हणजे तो खोटे बोलत नाही, त्याला तेवढी पडलीच आहे.

पण तीच कोरी गाडी आज घेतली तर ८ लाख किंमत, सुमारे सव्वा लाख टॅक्स, ४० हजार विमा आणि १० हजार किरकोळ असे पावणेदहा लाख होतात. विकणारा साडेनऊ मागतो आहे. म्हणजे वर्षभर वापरलेल्या गाडीला नव्यापेक्षा फक्त पंचवीस हजार कमी! त्याच्या दृष्टीने त्याने दीड लाखाचा घाटा सोसला, आणि आपल्या दृष्टीने त्याने काहीच सोडले नाही. दोघेही प्रामाणिक असून व्यवहार फिसकटतो तो इथे.

त्यामुळे बोलणी सुरू करण्याआधी एकच काम करावे. शोरूममध्ये जाऊन त्याच मॉडेलचे, त्याच व्हेरिएंटचे आजचे लेखी कोटेशन आणावे. शोरूमवाले काही सूट देत असतील तर तीही त्यात लिहून घ्यावी. तो कागद दोघांच्या मध्ये ठेवावा आणि बोलणे तिथून सुरू करावे.

वर्षभरात किती उतरते?

कोटेशन हातात आले की पुढचा प्रश्न : त्यातून किती वजा करायचे? याचे एक बऱ्यापैकी निःपक्षपाती माप आपल्या सर्वांच्या घरात असते, पण आपण ते वाचत नाही. विम्याच्या पॉलिसीवर ‘आयडीव्ही’ नावाचा आकडा असतो. गाडी चोरीला गेली किंवा पूर्ण निकामी झाली तर विमा कंपनी जी किंमत मानते, तो हा आकडा. गंमत म्हणजे तोही जुन्या बिलावरून नव्हे, तर पॉलिसी सुरू होताना किंवा तिचे नूतनीकरण होताना कंपनीची जी जाहीर किंमत असेल तिच्यावरून काढतात, आणि त्यातून वयानुसार घसारा वजा करतात. सहा महिन्यांपर्यंत ५ टक्के, सहा महिने ते एक वर्ष १५ टक्के, दोन वर्षांपर्यंत २०, तीन वर्षांपर्यंत ३०, चार वर्षांपर्यंत ४० आणि पाच वर्षांपर्यंत ५० टक्के, असा हा तक्ता आहे. यात रोड टॅक्स आणि विम्याचा हप्ता धरलेला नसतो.

हा तक्ता म्हणजे बाजारभाव नव्हे. ज्या गाडीसाठी शोरूममध्ये चार-चार महिने थांबावे लागते, ती यापेक्षा महाग जाते. ज्या मॉडेलचे नवे रूप नुकतेच आले किंवा ज्याचे सुटे भाग हुबळी-बेळगावात सहज मिळत नाहीत, ते स्वस्त जाते. पण सुरुवातीला एक समान रेघ म्हणून हा तक्ता चांगला. ‘मला वाटते’ आणि ‘तुम्हाला वाटते’ यांच्या मधला तो तिसरा साक्षीदार.

वय मोजताना एक खबरदारी घ्यावी. आरसी बुकावर नोंदणीच्या तारखेसोबत उत्पादनाचा महिना आणि वर्षही छापलेले असते. नोव्हेंबरमध्ये तयार झालेली आणि फेब्रुवारीत नोंदवलेली गाडी कागदावर ‘चालू वर्षाची’ दिसते, पण पुढे आपण विकायला जाऊ तेव्हा गिऱ्हाईक उत्पादनाचेच वर्ष विचारते. तेव्हा आपणही तेच विचारावे.

आपल्यापर्यंत काय पोचते आणि काय नाही

विकणाऱ्याने खर्चलेल्या प्रत्येक रुपयाचे पुढे काय होते, हे पाहिले की अर्धे भांडण मिटते. खर्चाचे दोन ढीग करावेत. एक, ज्याचा उपयोग आता आपल्याला होणार आहे. दुसरा, जो त्याच्यापाशीच संपला.

पहिल्या ढिगात प्रमुख म्हणजे रोड टॅक्स. खासगी गाडीचा टॅक्स एकदाच, पंधरा वर्षांचा भरलेला असतो. वर्षभर वापरून झाले तरी चौदा वर्षे शिल्लक राहतात. गाडी त्याच राज्यात राहणार असेल तर हा पैसा खरोखरच आपल्याला मिळतो, आणि त्याची किंमत देणे न्याय्य आहे. दुसरे, तृतीय पक्ष विमा. १ सप्टेंबर २०१८ पासून नव्या मोटारीला हा विमा तीन वर्षांचा एकदमच घ्यावा लागतो, त्यामुळे वर्षाच्या गाडीवर दोन वर्षांचा शिल्लक असतो. त्याची किंमत काही हजारांची. तिसरे, कंपनीची वॉरंटी आणि वाढीव वॉरंटी घेतली असेल तर ती. ती आपल्या नावावर करून मिळते का आणि त्यासाठी काय करावे लागते, हे सर्व्हिस सेंटरमध्ये आधीच विचारावे.

दुसऱ्या ढिगात कर्जाचे व्याज पहिले. ते त्याच्या सोयीचे मोल होते, गाडीचे नव्हे. दहा लाखांच्या वरच्या गाडीवर शोरूमवाले एक टक्का टीसीएस घेतात. तो विकणाऱ्याच्या आयकरात वळता होतो, म्हणून तो आपल्याकडे मागण्याचे कारण नाही. ‘नो क्लेम बोनस’ही गाडीचा नसून माणसाचा असतो. तो जुन्या मालकाबरोबर त्याच्या पुढच्या गाडीकडे जातो, आपल्याला मिळत नाही. आणि हौसेने बसवलेल्या वस्तू? उपयोगी असतील तर निम्मी किंमत धरावी. देवाची मूर्ती आणि निळे दिवे यांचे पैसे धरू नयेत, भक्ती आणि आवड ज्याची त्याची.

आता आपल्या उदाहरणाकडे परत येऊ. आजची किंमत ८ लाख. गाडीला वर्ष पुरे व्हायचे आहे असे धरून १५ टक्के वजा, म्हणजे राहिले ६ लाख ८० हजार. टॅक्सची शिल्लक सुमारे १ लाख १५ हजार, विम्याची ५ हजार आणि वस्तूंचे १० हजार मिळवले, की ८ लाख १० हजार होतात. गाडी निर्दोष असेल तर ही वरची मर्यादा. टायर झिजले असतील, पत्र्याला पोचे असतील, सर्व्हिस चुकली असेल, तर त्याचा लेखी अंदाज घेऊन तेवढे कमी. म्हणजे रास्त भाव साधारण पावणेआठ ते आठ लाख दहा हजार यांच्या मध्ये कुठेतरी. विकणाऱ्याच्या साडेनऊपासून तो दूर आहे खरा, पण घेणाऱ्याने मनात धरलेल्या ‘सहा-साडेसहा’पासूनही दूर आहे, हेही प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे. वापरलेली म्हणून फुकटात मिळावी, ही अपेक्षाही तितकीच अन्यायाची.

कोल्हापूरची स्वस्त गाडी खरोखर स्वस्त का?

आता आपल्या भागाचा खास प्रश्न. केए २२ ऐवजी एमएच ०९ पासिंगची तीच गाडी तीस-चाळीस हजारांनी स्वस्त मिळते, मग तीच का घेऊ नये?

ती स्वस्त असण्याचे कारण टॅक्समध्ये आहे. महाराष्ट्रात दहा लाखांच्या आतल्या खासगी पेट्रोल गाडीला ११ टक्के टॅक्स आहे. कर्नाटकात पाच ते दहा लाखांच्या गाडीला १४ टक्के, आणि त्या टॅक्सवर पुन्हा उपकर. दहा लाखांच्या पुढे कर्नाटकाचा दर १७ टक्के होतो, तर महाराष्ट्राचा पेट्रोलला १२ आणि डिझेलला १४. गोव्याचा टॅक्सही कर्नाटकापेक्षा कमी आहे. हे दर अर्थसंकल्पात बदलू शकतात, म्हणून व्यवहाराच्या वेळी आरटीओत ताजा दर पाहून घ्यावा.

पण बेळगावात राहणाऱ्या माणसाने ती गाडी घेतली की कर्नाटकाचा टॅक्स नव्याने भरावा लागतो. एका राज्यात नोंदलेली गाडी दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांपेक्षा जास्त ठेवायची असेल तर तिथला नवा नंबर घेतलाच पाहिजे, असे मोटार वाहन कायद्याचे कलम ४७ सांगते. परराज्यातल्या गाडीला टॅक्स तिच्या वयानुसार कमी-जास्त लागतो, आणि दोन वर्षांच्या आतल्या गाडीला तो जवळपास पुराच लागतो. मेख नेमकी इथेच आहे : गाडी जितकी नवी, तितका हा भुर्दंड मोठा.

गणित करू. आपल्या उदाहरणातली गाडी कोल्हापूरला असेल तर कोल्हापूरच्या खरेदीदारासाठी तिचा रास्त भाव ६ लाख ८० हजार, टॅक्सची शिल्लक ८२ हजार आणि विमा-वस्तू १५ हजार मिळून पावणेआठ लाखांच्या वर दोन हजार होतो. केए नंबरच्या गाडीपेक्षा तेहतीस हजार कमी. बेळगावच्या खरेदीदाराला मात्र ती इथे आणून केए नंबर घेईपर्यंत सव्वा लाखाच्या आसपास टॅक्स आणि धावपळीचे दहा हजार मोजावे लागतील. म्हणजे त्याने ती ६ लाख ७५ हजारांच्या वर घेतली तर तो तोट्यात. कोल्हापूरचा मालक दारात गिऱ्हाईक असताना एक लाख कमी घेऊन कशाला देईल? चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला म्हणतात, तो हाच.

जुन्या राज्यात भरलेल्या टॅक्सचा उरलेल्या वर्षांपुरता परतावा मागता येतो. पण तो नव्या राज्यात टॅक्स भरल्याचे कागद सादर केल्यावर, आणि त्याला वेळ लागतो. परताव्याचा अर्ज कोण करणार आणि आलेली रक्कम कोणाची, हे व्यवहाराच्या दिवशीच लिहून ठेवले तर कोल्हापूर-बेळगाव व्यवहारही जमू शकतो. तोंडी राहिले तर त्याच पैशावरून पुढे दोन घरांत धुसफूस होते. काही जण सांगतात, ‘एमएच नंबरच ठेवा, कोण विचारतो?’ हा सल्ला देणारा दंड भरायला येत नाही.

गोव्याच्या गाडीबाबत आणखी दोन गोष्टी पाहाव्यात. समुद्राच्या खाऱ्या हवेने खालचा पत्रा, दारांच्या कडा आणि सायलेन्सर गंजला आहे का, हे रॅम्पवर चढवून बघावे. आणि ती आधी पर्यटकांना भाड्याने दिली जात होती का, हे आरसीच्या नोंदींवरून तपासावे. अशी गाडी पुढे खासगी करून विकता येते. ती वर्षाची असली तरी शंभर हातांखालून गेलेली असते.

लष्करातले किंवा केंद्र सरकारी नोकरीतले लोक आपल्याकडे पुष्कळ, म्हणून ‘बीएच’ मालिकेविषयीही एक वाक्य. २०२१ पासून सुरू झालेल्या या नंबराच्या गाडीला टॅक्स पंधरा वर्षांचा नव्हे, दोन-दोन वर्षांचा भरतात. त्यामुळे ती घेताना ‘टॅक्स भरलेला आहे’ या शब्दांवर जाऊ नये. आपण त्या मालिकेला पात्र नसू तर राज्याचा टॅक्स आपल्याला भरावा लागेल, आणि तेवढा भावातून कमी झाला पाहिजे.

शंकेचीही किंमत असते

शोरूमच्या दारातून बाहेर पडताच गाडीची किंमत एवढी का उतरते? पत्रा तोच, इंजिन तेच. अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज अकेरलॉफ यांनी १९७० साली नेमका हाच प्रश्न घेऊन एक निबंध लिहिला, आणि पुढे २००१ मध्ये त्यांना अर्थशास्त्राच्या नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. त्यांचे उत्तर साधे होते. गाडीत काय खोट आहे हे विकणाऱ्याला ठाऊक असते, घेणाऱ्याला नसते. इतकी नवी गाडी हा का विकतो आहे, अशी शंका घेणाऱ्याला येते आणि तो प्रत्येकच गाडीला कमी भाव देतो. मग चांगल्या गाडीचा मालक म्हणतो, या भावाला मी विकतच नाही. बाजारात उरतात त्या खोटीच्याच गाड्या जास्त.

आपल्यासाठी याचा अर्थ असा, की घासाघीस करून भाव कमी करण्यापेक्षा शंका कमी करणे दोघांच्याही फायद्याचे. विकणाऱ्याने कागद दाखवले तर त्याला चांगला भाव मिळतो, घेणाऱ्याने तपासले तर तो निर्धास्त होतो. ‘कोनेगे एष्टु?’ असे विचारण्याआधी म्हणूनच ‘का विकताय?’ हे विचारावे. बदली झाली, परदेशी चालले, मोठी गाडी घ्यायची आहे, ही कारणे पटण्यासारखी असतात. कारण दर भेटीत बदलत असेल तर सावध व्हावे.

तपासायच्या काही गोष्टी अशा, की ज्यांना मेकॅनिक लागत नाही :

टायरवर चार आकडे कोरलेले असतात. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. ‘२२२५’ म्हणजे २०२५ सालचा बाविसावा आठवडा. वर्षाच्या गाडीचे पाचही टायर गाडीच्या उत्पादनाच्या थोडे आधीचे असले पाहिजेत. त्यातले दोन नवे असतील तर ते का बदलले हे विचारावे. काचांवरही कंपनीची खूण असते. एकच काच वेगळी असेल तर कारण समजून घ्यावे.

विम्याची नवी पॉलिसी वाचावी. वर्षभरात नुकसानभरपाई मागितली नसेल तर पहिल्या नूतनीकरणाला २० टक्के बोनस दिसतो. तो नसेल तर मागच्या वर्षी अपघाताचा दावा झाला होता का, हे विमा कंपनीकडून कळू शकते. तसेच कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये मालकाला सोबत नेऊन सर्व्हिसचा सगळा इतिहास पाहावा. तिथे प्रत्येक वेळचे किलोमीटर नोंदलेले असतात. मीटर मागे फिरवले असेल तर ते तिथे उघडे पडते.

ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ मध्ये कृष्णा-पंचगंगेच्या पुराने आपल्या भागात काय केले, ते आपण विसरलेलो नाही. पाण्यात बसलेली गाडी धुऊनपुसून चकचकीत दिसते. अशा वेळी सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून पाहावा, पट्ट्याच्या आतल्या टोकाला मातीची रेघ राहते. स्टेपनीखालचा खड्डा, सीटखालच्या पट्ट्या आणि गालिच्याची खालची बाजू पाहावी. उग्र अत्तराचा वास येत असेल तर तो कशासाठी मारला, याचा विचार करावा.

परिवहन खात्याच्या संकेतस्थळावर किंवा मोबाईल ॲपवर नंबर टाकला की विम्याची मुदत पाहता येते, थकलेले ई-चलनही तपासता येते. आरसीवर बँकेचे नाव असेल तर कर्ज फिटल्याचा बँकेचा दाखला आणि फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नयेत.

डीलरकडून की घरातून?

जुन्या गाड्यांच्या डीलरकडे भाव जास्त असतो. त्याला जागेचे भाडे, दुरुस्ती आणि नफा काढायचा असतो. शिवाय त्याने कमावलेल्या फरकावर, गाडीच्या पूर्ण किमतीवर नव्हे, १८ टक्के वस्तू व सेवा कर लागतो. २०२५ च्या जानेवारीपासून सर्व वापरलेल्या गाड्यांसाठी हा एकच दर आहे. दोन घरांतल्या परस्पर विक्रीवर हा कर नाही. म्हणून एक सोपी युक्ती करता येते. त्याच गाडीला डीलर विकत घेताना किती देईल आणि विकताना किती मागेल, हे दोन्ही आकडे काढावेत. माणसा-माणसांतला रास्त भाव या दोन आकड्यांच्या मध्ये असतो. आपण वर मांडलेला हिशेब त्या टप्प्यात बसत नसेल तर कुठेतरी आपलेच काही चुकले आहे, असे समजून पुन्हा पाहावे. वर्तमानपत्रातल्या जाहिरातींचे आकडे यासाठी धरू नयेत. ते मागणीचे भाव असतात, मिळालेले नव्हेत.

नात्यातला व्यवहार

सगळ्यात अवघड असतो तो पाहुण्यांतला व्यवहार. ‘मामांची गाडी आहे, भाव काय करायचा?’ आणि दुसरीकडे ‘भाच्याला जास्त कसे सांगू?’ मग कुणीतरी मोठेपणाने आकडा सांगतो, दुसरा संकोचाने मान हलवतो. दोघेही घरी जाऊन बायकोकडे कुरकुरतात. पुढच्या लग्नकार्यात आहेराच्या वेळी ती कुरकुर बाहेर येते. संकोचाने ठरलेला भाव कमी असो की जास्त, तो कुणाला तरी टोचतोच.

त्यापेक्षा एका कागदावर हिशेब मांडावा. आजचे कोटेशन, घसारा, टॅक्सची शिल्लक, दुरुस्तीचा अंदाज. चार ओळींचा कागद. आकडा आला की मामांना वाटले तर त्यांनी त्यातून आपल्या खुशीने पंचवीस हजार सोडावेत. पण ते सोडलेले दिसले पाहिजेत. माया ही हिशेबात मिसळू नये, हिशेबानंतर द्यावी. घरात एक पिढी मराठीत वाचणारी आणि दुसरी कन्नडमधून शिकलेली असेल, तर हा कागद दोन्ही भाषांत मोठ्याने वाचून दाखवावा. आरटीओचे फॉर्म कन्नडमध्ये असतील तर सही करण्याआधी ज्याला वाचता येते त्याच्याकडून ते समजून घ्यावेत. यात कमीपणा काही नाही.

आणि नाते कितीही जवळचे असो, कागद पुरे करावेत. विकणाऱ्याने फॉर्म २९ आणि घेणाऱ्यासह फॉर्म ३० यांवर सह्या करून मालकी हस्तांतर करावे. त्याच राज्यात असेल तर विकणाऱ्याने चौदा दिवसांत आणि घेणाऱ्याने तीस दिवसांत कळवायचे असते. दुसऱ्या राज्यात जाणार असेल तर आधी मूळ आरटीओचे ना-हरकत पत्र, म्हणजे फॉर्म २८. विमा आपल्या नावावर करून घेण्यासाठी चौदा दिवसांत विमा कंपनीकडे अर्ज करावा. ताबा देताना तारीख, वेळ आणि मीटरवरचे किलोमीटर लिहिलेली पावती दोघांनी ठेवावी. ‘सावकाश करू हो नावावर’ म्हणून राहिलेल्या गाडीने वाटेत कुणाला धडक दिली, तर भरपाईची जबाबदारी आरसीवर ज्याचे नाव त्याच्यावर येते. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये हे पुन्हा स्पष्ट केले आहे. म्हणजे भाच्याच्या अपघाताची नोटीस मामांच्या दारात. तेव्हा भावात किती सोडले आणि किती घेतले, याला काही अर्थ उरत नाही.

येत्या दसऱ्या-दिवाळीला घरी गाडी आणायचा विचार असेल तर पहिला फोन विकणाऱ्याला नव्हे, शोरूमला करा आणि आजचे कोटेशन मागवा. दुसरा फोन आरटीओतल्या माहितगाराला, टॅक्सचा ताजा दर विचारण्यासाठी. मग एका संध्याकाळी कागद-पेन घेऊन नवरा-बायकोने मिळून चार ओळींचा हिशेब करावा. त्यातून जो आकडा निघेल तो खिशात ठेवूनच गाडी बघायला जावे. गाडी बघितल्यावर मन हळवे होते. आकडा आधी लिहिलेला असला की तो बदलत नाही.